समोरचं धुराडं

सात वाजून गेले तरी तळ्यापलीकडच्या घरातून धूर निघेना, तेव्हा काहीतरी भयंकर घडलंय हे व्हर्लनने ठरवूनच टाकलं. बाहेर उणे तीस. अशा थंडीत चूल विझलेल्या घरात माणूस किती वेळ तग धरणार?

त्या घरात आर्डिथ एकटी राहायची. वीस वर्षं ती फक्त उन्हाळ्यात यायची. यंदा निवृत्त झाली आणि हिवाळ्यालाही इथंच थांबली. तिला धरून गावात चौदा माणसं. बाई नाताळच्या आत पळ काढणार असं बाकीचे तेराही जण छातीठोकपणे सांगत होते, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज व्हर्लनचा होता.

त्याने आपल्या मित्राला, अल्सीडला फोन लावला.

"अरे, कुऱ्हाड घे आणि तळ्यावर ये!"

"सकाळी सकाळी कुणाचा मुडदा पाडायचाय?"

"आर्डिथच्या घरातून धूर नाही."

अल्सीडची थट्टा तिथंच थांबली.

बर्फावरच्या दोन गाड्या गोठलेल्या तळ्यावरून सुसाट सुटल्या. व्हर्लनच्या मिश्या पांढऱ्या झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. या बाईशी आपण एकदाही सरळ तोंडाने बोललो नाही, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

दार आतून बंद. दोघांनी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. उत्तर नाही. अल्सीडने कुऱ्हाड घातली, दार धाडकन आत कोसळलं, आणि टॉवेलने केस पुसत आर्डिथ न्हाणीघरातून धावत बाहेर आली.

"डोकी फिरलीत का तुमची?"

"जिवंत आहे!" अल्सीड तिच्याहून मोठ्याने ओरडला आणि जागच्या जागी नाचू लागला.

"धूर कुठाय तुमचा?" व्हर्लनने धापा टाकत विचारलं.

तिने कोपऱ्यातल्या, घर तापवणाऱ्या गॅसच्या नव्या कोऱ्या शेगडीकडे बोट दाखवलं. कालच बसवली होती. ना लाकडं फोडायची, ना राख काढायची.

"मग सांगायला काय झालं होतं? इथं माणूस रोज सकाळी तुमच्या धुराड्याकडे डोळे लावून बसतो!"

"रोज? तुम्ही?"

"नोव्हेंबरपासून. सांगितलं असतं तर डोक्यावर बसल्या असतात."

आर्डिथचा राग कुठल्या कुठे गेला. "आणि तुमच्या धुराड्याकडे कोण बघतं?"

बायको जाऊन चार वर्षं झाली, पण हा प्रश्न व्हर्लनला कुणी विचारला नव्हता. "माझ्याकडे कोण बघणार? घर पडलं झाडीत. दिसतं ते फक्त तुमच्या खिडकीतून."

"ठाऊक आहे मला. सहा वाजून दहा मिनिटांनी निघतो तुमचा धूर. मागच्या मंगळवारी अर्धा तास उशीर केलात, तेव्हा बूट चढवून या दारात उभी होते मी!"

आपल्यावरही कुणाची तरी नजर आहे, या आनंदाने व्हर्लनला काय करावं तेच सुचेना. मोडक्या दारातून येणाऱ्या गार वाऱ्यात तो खदाखदा हसत सुटला.