फोनमागचा डबा

मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. हसू नका, मित्रांनो! आता माझ्या पोटात भात नाही की आमटी नाही. विक्रोळीच्या चाळीतल्या या एका खोलीत, ओट्यावर उभं राहायचं आणि मोबाईलला टेकू द्यायचा, एवढंच माझं काम. मोबाईल जगाशी बोलतो आणि मी त्याच्यामागे मुका उभा.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण नाव मिळालं ते भांड्यांच्या दुकानात. दुकानदाराने टकटक करत माझ्या झाकणावर ठिपक्यांनी ‘काशीराम’ कोरलं. काशीराम म्हणजे माझे मालक, कोकणातून आलेले, इथल्याच एका कंपनीत फिटर. रोज सकाळी मला हातात धरून ते उंबऱ्यावरून आवाज द्यायचे, “येतंय गे!” मालवणी माणूस घरातून निघताना ‘जातंय’ म्हणत नाही, मित्रांनो. निघाला तरी ‘येतंय’, म्हणजे ‘येतो’, असंच म्हणतो. कंपनीत माझं झाकण उघडलं, सुक्या बोंबलाचा वास सुटला, की चार टाळकी गोळा व्हायची. काय थाट होता माझा!

पुढे काशीराम निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेलो. धूळ खात पडलो, कुत्रं विचारेना. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? मग त्यांचा मुलगा हर्षद मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला. जहाज बंदराजवळ आलं की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन उभा करायला काहीतरी हवं, म्हणून सूनबाईने, दर्शनाने, मला खाली काढून घासलं. काशीराम माझ्यासमोर मांडी घालून बसायचे आणि लेकाला विचारायचे, “कधी येतलंस रे?”

गणपती झाले आणि एका सकाळी काशीराम चहा पिता पिता कलंडले. अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी “येतंय”, कूस बदलायची असली तरी “येतंय”. चिडले तरी तेच. जन्मभर उंबऱ्यावर म्हटलेला शब्द तेवढा त्यांना सोडून गेला नाही.

दर्शनाने लेकीला, जान्हवीला, जवळ ओढलं. “पप्पांना यातलं काही सांगायचं नाही हां. माझ्या गळ्याची शप्पथ!”

“पण का गं आई?”

“अगं, पप्पा भर समुद्रात. तिथून उडी मारून येणार आहेत का? रात्रंदिवस इंजिनाजवळ काम. डोक्यात हेच बसलं आणि हात अडकला कुठे तर? आल्यावर सांगू.” आणि ती पदराने डोळे पुसत बसली. तिला तरी काय बोलणार मी?

तेव्हापासून कॉल आला की ती मला ओट्यावर असं उभं करायची, की काशीरामांची खाट बरोबर फोनच्या पाठीमागे जावी. हर्षदला दिसायची ती, जान्हवी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. बाकी बातम्या भरभरून. जान्हवीला चित्रकलेत बक्षीस मिळालं, नळाला पाणी कमी येतं, शेजारच्या शकुमावशीच्या मुलीचं लग्न जमलं. खाटेची बातमी तेवढी नाही.

“बाबा कुठायत?” हर्षद विचारायचा. आणि खाटेवरून आवाज यायचा, “येतंय!”

“आंघोळीला गेलेत. येतीलच,” दर्शना पटकन म्हणायची.

“आवाज झकास आहे की म्हाताऱ्याचा!” हर्षद खूश. तेवढ्यात रेंज जायची, नाहीतर दर्शनाच फोन बंद करायची.

मी आतल्या आत तडफडायचो. वाटायचं, घरंगळावं आणि फोन खाटेकडे वळवावा. एकदा दर्शनाचा धक्का लागून खरंच पडलो. पण कसलं काय! फोन उताणा पडला आणि हर्षदला दिसला फिरता पंखा.

काशीराम खंगत गेले. डॉक्टर आले, दाराशी दर्शनाशी हळू बोलून निघून गेले. ती जान्हवीला म्हणाली, “आज सांगते पप्पांना. आज नक्की सांगते.” आणि त्याच दुपारी कॉल आला.

“सुटलो गं! पुढच्या आठवड्यात उतरतोय,” हर्षद ओरडला. “आधी बाबांना दे!”

“अहो, ऐका ना जरा...” दर्शना फोनजवळ सरकली.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. कितीतरी दिवसांनी स्पष्ट, पूर्वी उंबऱ्यावरून यायचा तसा. “येतंय.”

“या, या बाबा! सावकाश या. मी थांबतो.”

दर्शना वळली आणि खाटेकडे धावली. जान्हवी तिच्या मागोमाग. सासऱ्यांची छाती हलत नव्हती. या वेळी काशीराम खरंच निघाले होते.

फोनसमोर कोणी उरलं नाही, नुसतं कॅलेंडर. मला हर्षदचं तोंड दिसत नव्हतं, पण त्याने खुर्ची पुढे ओढलेली मी ऐकली. “सावकाश हां बाबा,” तो म्हणाला. “आज रेंज चांगली आहे.”

मित्रांनो, लांबच्या माणसाला जपायला घरं बरंच काही लपवतात. मायाच असते ती, कळतं मला. पण तुमच्या घरचं कोणी दूर असेल, तर कधीतरी तो फोन उचला, घरभर फिरवा आणि खाटेपर्यंत न्या. मला हात नाहीत हो. तुम्हाला आहेत ना?