चार नंबरची ओल

धम्मपालने मोटरसायकल फाटकाजवळ उभी केली आणि रस्त्यावरूनच हाक मारली.

"का गा जानराव, भरदुपारी दार लावून घोरून राहिला का? वैनी, उठवा याले. कार्ड तुमच्याच हातात द्याचं हाये मले."

दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा जानराव बनियनवर उभा होता आणि त्याच्या डोक्यावर केस नव्हते. नुकते उगवू लागलेले पांढरे खुंट तेवढे दिसत होते. धम्मपालने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. खाटेजवळच्या स्टुलावर कौशल्याचा फोटो होता, फोटोला चंदनाचा हार होता.

"कधी?"

"परवा तेरवी झाली."

धम्मपालच्या मुलीचं, मोनाचं लग्न ठरलं होतं. हातातल्या कार्डावर त्याच्या बायकोने निळ्या शाईने लिहिलं होतं, श्री. जानराव व सौ. कौशल्याताई. तो कार्ड पुन्हा पिशवीत सरकवायला लागला, पण जानरावने हात पुढे केला. कार्ड घेतलं, नावं वाचली आणि फोटोसमोर पालथं ठेवून दिलं.

धम्मपाल खाटेच्या कडेवर बसला. पाणी प्याला. मग त्याला राग आला. अठरा-वीस वर्षं एका गेटातून आत जाणारी माणसं आपण, जुनवानीहून रुआबांध्याला यायला मला किती वेळ लागतो, एक फोन करवला नाही तुला, असं तो बराच वेळ बोलत राहिला. जानरावने ऐकून घेतलं. कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला त्याने फोन करून सुट्टी मागितली होती, घरातली हालत सांगितली होती. तो कंपनीत सांगेल असं त्याने धरलं होतं. कौशल्या गेली त्या दिवशी आणि त्यानंतरही कंपनीतलं कोणी फाटकाशी आलं नाही. मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला की तो उठून बघायचा. मग त्याने उठणं सोडलं होतं.

"तुमी कोणी आले नाही," जानराव म्हणाला. "मले वाटलं, येत नसन कोणाले यावंसं."

"येऊ कसे? तू तं रोज ग्रुपवर हायेस बाप्पा."

जानरावला कळलं नाही. धम्मपालने खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला.

ते दोघं शहराबाहेरच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये कामाला होते. जानराव गॅसच्या पाइपलाइनवर, धम्मपाल पंप हाउसमध्ये. मागच्या हिवाळ्यात पराग साहेबांनी, म्हणजे त्यांच्या मॅनेजरने, सगळ्यांच्या फोनवर एक एआय सहायक टाकून दिला. प्रत्येक शिफ्टला तीन वेळा ग्रुपवर अपडेट आला पाहिजे, तोही नीट हिंदीत, असा साहेबांचा हुकूम होता. आधी सगळे हसले. मग सगळ्यांना ते आवडायला लागलं. जानरावचं बोट अक्षर शोधत फिरायचं. त्याच्यासाठी तर ती सोयच झाली. कौशल्याचं दवाखान्यात जाणं सुरू झालं तेव्हा तो सकाळी राउंड मारायचा, दिवसाचे बाकीचे अपडेट सहायकाला सांगून ठेवायचा आणि तिच्या उशाशी जाऊन बसायचा. एक दिवस त्याने फोनला सांगितलं होतं, रोज असंच लिहीत जा आणि कोणी काही विचारलं तर माझ्याकडून उत्तर देत जा.

पुढे दवाखान्यातून हलणंच बंद झालं. फोनची बॅटरी संपली, तो कपाटात गेला. फोन बंद म्हणजे ते बंद, असं जानराव समजत होता. पण तो सहायक कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालत होता.

धम्मपालचं बोट वर वर सरकत गेलं. प्रत्येक दिवसाखाली जानरावचं नाव होतं. सील पॉट चार जाँचा गया। पानी का स्तर ठीक। सब नॉर्मल। मध्येच एका ठिकाणी धम्मपालने स्वतः विचारलं होतं, भाभी कैसी हैं? त्याखाली जानरावच्या नावाने उत्तर होतं.

तबीयत में सुधार है, धन्यवाद।

जानरावने त्यावरची तारीख पाहिली. त्या दिवशी सकाळी तो आणि त्याची लेक गुंजन शिवनाथ नदीच्या पाण्यात राख सोडून आले होते. त्याने फोन परत दिला. बनियनला हात पुसले, जसं काही हाताला लागलं होतं.

"मंग राउंड कोण मारून राहिलं?" त्याने विचारलं.

"कोणता राउंड?"

"सीलचा. ठेकेदार बदलीचा माणूस देतो म्हणाला होता."

धम्मपालने तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार उलट त्यालाच विचारायला लागला. जानराव दुसऱ्याच दिवशी कामावर आला ना, ग्रुपवर दिसत होता, मग बदली माणूस कशाला पाठवायचा? धम्मपालने फोन ठेवला तेव्हा जानराव शर्ट घालत होता. बटणं खालीवर लागली होती. कपाट उघडून त्याने गॅस सांगणारं यंत्र काढलं, काडेपेटीहून थोडं मोठं, पट्ट्याला अडकवायचं. फोनही घेतला आणि वाटेत चार्ज करता येईल म्हणून धम्मपालची पॉवर बँक मागितली.

मे महिन्याचं ऊन होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं, तापलेल्या वाऱ्याची लू तोंडावर येत होती. मागे बसलेल्या जानरावच्या डोळ्यांसमोर धम्मपालची पाठ होती, कंपनीचा निळा शर्ट, घामाने काळा पडलेला. ड्यूटीचा शर्ट आहे हे त्याला दिसलं. पण त्याचं मन चार नंबरपाशी होतं.

गॅसची पाइप जिथे जिथे खाली उतरते तिथे पाण्याने भरलेलं एक लोखंडी भांडं असतं, त्यालाच सील म्हणतात. पाणी आहे तोवर गॅस आत राहतो. पाणी आटलं की गॅसला वाट मिळते, आणि त्या विषारी गॅसला रंग नाही, नाकाला कळेल असा वास नाही. म्हणून भांड्यात पाणी सतत येत राहावं आणि वरून थोडं थोडं सांडत राहावं, अशी व्यवस्था असते. सांडतं आहे ना, एवढंच बघायचं काम. बघायला माणूस लागतो.

चार नंबरचं भांडं मिलच्या मागच्या भिंतीशी, टिनाच्या शेडला लागून होतं. सांडणाऱ्या पाण्याने तिथली जमीन बाराही महिने ओली असायची. उन्हाळ्यात सगळ्या कंपनीत तेवढीच थंड जागा. साफसफाईवाले मजूर डबा खायला तिथे बसायचे, खाऊन झाल्यावर पाय पसरायचे. जानराव त्यांना हटकायचा. एकदा हिरालाल नावाच्या मजुराने त्याला म्हटलं होतं, काका, तुमच्याच घरचा कूलर आहे का हा, की आम्हाला हवा घेऊ देत नाही? सगळे हसले होते, जानरावही हसला होता. तेव्हा पाणी सांडत होतं.

गेटवरून आत आल्यावर जानराव भरभर चालायला लागला. शेड दिसली. शेडखालची जमीन पांढरी पडली होती, तिला भेगा होत्या. पट्ट्याचं यंत्र एकदा वाजलं. चार पावलांवर पुन्हा वाजलं आणि मग वाजतच राहिलं.

भिंतीला डोकं टेकून एक बाई बसली होती. रंभा, झाडलोट करणारी. डोक्याला तिने ओढणी घट्ट बांधली होती. जानरावने श्वास धरला, आत गेला, तिच्या दंडाला धरून तिला ओढत उघड्यावर आणलं. ती आधी चिडली. मग तिला ओकारी आली. धम्मपालने तिला वाऱ्याच्या बाजूला नेऊन पाणी दिलं.

डोकं दोन-तीन दिवसांपासून दुखतंय, लू लागली असेल, असं ती म्हणाली. सगळ्यांनाच लागली आहे. हिरालालला जास्त लागली. काल जेवण झाल्यावर तो इथेच आडवा झाला होता, उठवलं तर उठेना, तोंडावर पाणी मारलं तेव्हा उठला आणि भलतंच बोलायला लागला. त्याच्या तळव्यांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं आणि ऑटोत घालून कुरुदला घरी पाठवून दिला. आज तो आला नाही. त्याचा डबा इथेच राहिला आहे.

"त्याचा चेहरा कसा होता?" जानरावने विचारलं.

"लाल," रंभा म्हणाली. "एकदम लाल. चांगला दिसत होता, काका."

हा गॅस चढला की चेहरा असाच लाल होतो, हे जानरावला माहीत होतं. तो शेडच्या मागून फेरा घालून पाण्याच्या वॉल्व्हकडे गेला. वॉल्व्ह पूर्ण उघडाच होता. त्याने पाइपवर हात ठेवला. पाइप तापलेली होती आणि तिच्यात काही हलत नव्हतं. तो परत आला तेव्हा धम्मपाल दोन्ही हातांनी रंभाला धरून उभा होता.

"पाणीच नाही," जानराव म्हणाला. "लाइन कोरडी हाये."

मग त्याला पंप हाउस आठवलं.

"सीलचा पंप तुझ्याकडे ना गा?"

"चालू हाये तो."

"तू पाह्यला?"

धम्मपालचा हात खिशाकडे गेला, फोनकडे, आणि तिथेच थांबला. जानरावला आता तो निळा शर्ट पुन्हा दिसला. ड्यूटीच्या वेळी हा माणूस माझ्या दारात उभा होता, पिशवीत लग्नाची कार्डं घेऊन. काल कुठे होता? परवा कुठे होता?

"मोनाचं लग्न हाये जानराव," धम्मपाल हळू आवाजात म्हणाला. "नातेवाईक भंडाऱ्यापर्यंत पसरले हायेत. कार्डं कोण वाटन?"

"जा. पंप पाय."

धम्मपाल पळत गेला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पोट सांभाळत पळत होता. त्याच्या मागे जानरावने शेडच्या वाटेवर झाडू आणि पाटी आडवी टाकली, म्हणजे कोणी जाणार नाही. पराग साहेबांना फोन लावला. रिंग जाऊन बंद झाली. पुन्हा लावला. मग त्याने ग्रुप उघडला आणि कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या बोटाने लिहायला घेतलं. एक एक अक्षर शोधावं लागलं. चार नंबर सूखा है। गैस निकल रही है। गैस बंद करो, बाकी सील भी देखो। मैं पंद्रह-बीस दिन से आया ही नहीं, वो सब मैंने नहीं लिखा। हिरालाल को लू नहीं, गैस लगी है। उसके घर कोई जाओ।

पाठवल्यावर त्याने फोन खाली केला नाही. उत्तरं लगेच यायला लागली, एकामागून एक, जणू सगळे फोन हातात धरूनच बसले होते. नोट किया गया, धन्यवाद। जानकारी के लिए आभार। सुरक्षा हमारी पहली प्राथमिकता है। चौथं उत्तर धम्मपालच्या नावाने आलं. पंप चालू, प्रेशर नॉर्मल। धम्मपाल तेव्हा समोरच्या मोकळ्या जागेत पळत होता. तो अजून पंप हाउसपर्यंत पोचला नव्हता आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

शिफ्टमध्ये किती माणसं खरोखर आहेत, असा विचार जानरावच्या मनात आला. त्याने मान वर करून मिलकडे पाहिलं. धुराडं चालू होतं, पत्र्यामागे रोलचा आवाज होता. माणूस एकही दिसत नव्हता.

बऱ्याच वेळाने पाइपमध्ये काहीतरी गुडगुडलं. आधी हवा आली, मग गंजाचं लाल पाणी. भांडं भरायला वेळ लागला. काठावरून पहिली धार खाली पडली तेव्हा भेगाळलेल्या मातीने ती गिळून टाकली. यंत्राचा आवाज हळूहळू कमी होत थांबला. धम्मपाल परत आला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. पंप बंद पडलेला होता, कधीपासून ते त्यालाही माहीत नव्हतं.

"बाकीचे सील?" धम्मपाल म्हणाला.

"आधी कुरुद."

रंभाने हिरालालचा डबा आणून दिला. तीन कप्प्यांचा, स्टीलचा, वरच्या झाकणावर त्याच्या बायकोचं नाव कोरलेलं होतं. जानरावने तो उघडला नाही. त्याला कौशल्याचा दवाखान्यातला डबा आठवला. तो घरी तसाच आहे, घासायचा राहिला आहे. रंभाला बाकी मजुरांनाही घेऊन सरकारी दवाखान्यात जायला त्याने सांगितलं, पुन्हा सांगितलं, ती रिक्षात बसेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग हिरालालचं घर कुठे ते विचारलं. तलावाच्या पलीकडे, कडुलिंबाजवळ, एवढंच तिला माहीत होतं.

धम्मपालने गाडीला किक मारली. जानराव मागे बसला, डबा मांडीवर घेऊन. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पराग साहेबांचं नाव होतं. फोन आला असं वाटून त्याने घाईने काढला, पण तो फोन नव्हता, ग्रुपवरचा मेसेज होता.

हिरालाल जी के परिवार से संपर्क किया गया है। तबीयत में सुधार है, धन्यवाद।

त्याखाली एकामागून एक अंगठे उमटत गेले. एक अंगठा जानरावच्या नावाचा होता.

"काय लिवलं साहेबानं?" धम्मपालने मान वळवून विचारलं.

"चाल," जानराव म्हणाला.

कुरुदला अजून कोणीही गेलेलं नव्हतं.