ताणाची हजेरी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. मराठीत मला कळफलक असं छान नाव आहे, पण त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. माझा रंग काळा, बटणं एकशे चार. त्यातलं एक आता दाबलं की वर येत नाही. मला डोळे नाहीत. पडद्यावर काय उमटतं ते मला दिसत नाही. मला फक्त बोटं कळतात आणि खोलीतले आवाज ऐकू येतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात माझ्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले गेले, आणि मी माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला लागलो. तिथे देवकी होती. काटोल, सावनेर, कळमेश्वर अशा गावांची माती पिशव्यांतून यायची. देवकी ती वाळवायची, चाळायची, तपासायची आणि आकडे माझ्यावर टाइप करायची. जमीन किती खोल, चुना किती, पाणी किती धरते. प्रत्येक आकडा ती एकदा मोठ्याने वाचून पाहायची. "हा कीबोर्ड चुकत नाही," असं ती सोबतच्यांना सांगायची. खरं तर न चुकणारी ती होती. पण कौतुक माझ्या वाट्याला यायचं, आणि मला ते आवडायचं.

पुढे प्रयोगशाळेत नवे संगणक आले. देवकीही निवृत्त झाली. मला भंगारात टाकत होते, तेव्हा तिने मला मागून घेतलं आणि त्रिमूर्तीनगरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. ती एकटी राहते. म्हणून असेल कदाचित, पडद्यावरचं सगळं ती मोठ्याने वाचते. त्या घरात दुसरा आवाज तोच.

संत्रा बागायतदारांचा इंटरनेटवर एक मंच आहे, 'संत्रा मंडळ' नावाचा. त्यात तीनशेच्या वर माणसं आहेत. देवकीचे मोठे भाऊ बाबाराव यांचा काटोलजवळ बगीचा आहे, त्यांनीच तिला मंडळात घेतलं. सुरुवातीला तिने तिथे एकदा लिहिलं होतं, की माती न तपासता खत टाकू नका. त्यावर रुपराव नावाच्या सभासदाने विचारलं, "ताई, तुमचा बगीचा कुठं आहे? गच्चीवर का?" त्या वाक्याखाली साठ हसरे चेहरे आले. देवकीने ते मोजले. मोठ्याने मोजले. त्यानंतर माझ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि अभिनंदन एवढंच टाइप होऊ लागलं.

आता तुम्हाला संत्र्याची एक रीत सांगायला हवी. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, हवा असेल तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं उन्हात मलूल होऊन मिटतात, सकाळी पुन्हा उघडतात, आणि मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरतं. याला ताण देणं म्हणतात. ताण किती दिवस द्यायचा हे जमिनीवर असतं. काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, तिथे जास्त दिवस लागतात. हलकी मुरमाड जमीन लवकर कोरडी होते, तिथे थोडे दिवस पुरतात. जास्त झालं तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

गेल्या वर्षी मंडळातल्या मधुकररावांनी हजेरीची टूम काढली. त्यांची दोन हजार झाडं आणि जमीन काळीभोर. सगळ्यांनी दहा डिसेंबरला पाणी तोडायचं आणि साठ दिवस ताण द्यायचा असं ठरलं. रोज सकाळी ते लिहायचे, "दिवस वीस. कोण कोण सोबत?" आणि खाली एकामागे एक ओळी यायच्या. "सोबत." "सोबत, दिवस वीस." "आम्ही पण सोबत." एकाने मध्येच पाणी सोडलं असं लिहिलं, तर रुपरावांनी विचारलं, "झाडाले तहान लागली का तुमाले?" त्या माणसाने पुन्हा काही लिहिलं नाही. त्यानंतर हजेरीतून कोणी गळालं नाही. बाबारावांची ओळही रोज असायची.

चौतिसाव्या दिवशी बाबारावांचा फोन आला. देवकीने तो स्पीकरवर ठेवला आणि माझ्या शेजारी मांडला.

"देवकी, टेकाडाकडची झाडं लयच सुकून राहिली वं."

"पानं सकाळी उघडतात का, दादा?"

"कालपर्यंत उघडत होती. आज नाई उघडली."

"मग आजच पाणी सोड. वरची पट्टी मुरमाड आहे. मीच माती तपासली होती ना तिची? हातभर खोल गेलं की मुरूम. खालची काळी पट्टी राहू दे."

"सारं मंडळ साठ म्हणून राहिलं, अन् तू एकटी म्हणतं आजच."

"साऱ्यांची जमीन एक आहे का?"

मग बाबाराव म्हणाले, "इतकं पक्कं आहे तं मंडळावर काहून नाई लिहीत? माझ्या कानात सांगतं फक्त. तिथं लिही. दोघं-चौघं जरी हो म्हणाले, तं मी मोटर चालू करतो. मी एकटाच हजेरी मोडू का? हसतीन मले."

"हाव. लिहितो म्हटलं ना," देवकी म्हणाली. आमच्याकडे बायकाही कधी कधी 'लिहिते'ऐवजी 'लिहितो' असं बोलतात.

त्या दुपारी तिने चार वाक्यं लिहिली. स्वच्छ, नेमकी, प्रयोगशाळेतल्या अहवालासारखी. मग ती मोठ्याने वाचली. एंटरच्या बटणावर तिचं बोट येऊन थांबलं. त्या बोटाचं वजन मला अजून आठवतं. दाबायला पुरेल इतकं ते नव्हतं. मग बॅकस्पेस दाबला गेला, आणि एकेक अक्षर करत चारही वाक्यं गेली.

दुसऱ्या दिवशी तिने सुरुवातीला जोडलं, "माझं चुकत असेल, पण". तेही खोडलं. मग त्या वाक्यांचा तिने प्रश्न केला, "हलक्या जमिनीचं काय करावं, कोणी सांगेल का?" तोही खोडला. छत्तिसावा दिवस संक्रांतीचा होता. तिने लिहायला घेतलं मुरमाबद्दल, आणि पाठवलं काय, तर "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." ऐंशी अंगठे आले. ते मोजताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मी बोटांची वाट पाहणारी वस्तू आहे.

अडतिसाव्या दिवशी सकाळी बाबारावांचा फोन आला. वरच्या पट्टीतल्या झाडांचे शेंडे वाळू लागले होते. देवकी लगेच माझ्यासमोर बसली. यावेळी तिने मध्ये थांबून वाचलं नाही. "हलक्या जमिनीत पस्तीस दिवसांपुढे ताण देऊ नका. सकाळी पान उघडत नसेल तर ताण पुरे झाला. माझ्या भावाच्या बगीच्याची माती मी स्वतः तपासली आहे. वरच्या पट्टीत हातभर मातीखाली मुरूम आहे, तिथली झाडं वाळत आहेत. आपल्या जमिनीची खोली पाहा, मगच दिवस मोजा. देवकी." आणि तिने एंटर दाबला. असा दाबला, की त्या बटणाखालचं रबर तेव्हाच फाटलं. ते बटण आजही वर येत नाही.

मग आम्ही दोघं वाट पाहत बसलो.

पहिलं उत्तर रुपरावांचं आलं, "ताई, गच्चीवर पाऊस पडला वाटते!" हसरे चेहरे आले. त्यांच्याखाली हजेरी पुढे चालू झाली. "सोबत, दिवस अडतीस." "सोबत." "सोबत." तिच्या ओळी वर सरकत गेल्या. कोणी त्यांना चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही.

दुपारी मात्र वेगळे निरोप येऊ लागले. ते मंडळावर नव्हते, फक्त देवकीला लिहिलेले होते. "ताई, तुमचं बरोबर आहे." "ताई, छान लिहिलं, कोणीतरी बोलायला हवं होतं." असे पाच निरोप आले. देवकीने पाचही वाचले. प्रत्येकाच्या शेवटी एकच गोष्ट होती, माझं नाव घेऊ नका. तिने माउसने क्लिक करून पाचही जणांना एकच उत्तर पाठवलं, "हेच तिथे लिहा. एक ओळ पुरे." पाचांपैकी कोणीही लिहिलं नाही.

संध्याकाळी बाबारावांचा फोन आला. "पाह्यलं? कोणीच नाई तुह्यासंग."

"पाच जण आहेत, दादा."

"कुठं? मले तं एक नाव दिसून नाई राहिलं. सांग नावं."

देवकीने माझ्यावर हात टेकवला होता. ती म्हणाली, "नावं नाही सांगणार. त्यांनी नाव घेऊ नका म्हटलं आहे. तू माझं ऐक ना."

"ज्यायचं नाव नाई, ते माणसं कायचे वं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढचा एक पूर्ण दिवस त्या खोलीत कोणी काही वाचलं नाही. देवकी मधूनमधून येऊन बसायची, मंडळ उघडायची, आणि उठून जायची. प्रयोगशाळेत नवे संगणक आल्यावर मी आठवडाभर एका टेबलावर पडून होतो. तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी ती अचानक मोठ्याने वाचू लागली. वाक्य मंडळावरचं होतं. लिहिणाऱ्याचं नाव नत्थू, सावनेरकडचा, नव्वद झाडांचा मालक. त्याने देवकीला कधी खासगी निरोपही पाठवला नव्हता.

"देवकीताई बरोबर म्हणून राहिल्या. माझी जमीन मुरमाची आहे. मी बत्तिसाव्या दिवशीच पाणी सोडलं. तवापासून रोज खोटी हजेरी लावून राहिलो. माफी असावी."

देवकीने ते दोनदा वाचलं. अर्धा तास काही आलं नाही. मग दुसऱ्याने लिहिलं, की त्यानेही तिसाव्या दिवशी पाणी सोडलं होतं. मग तिसरा, चौथा. दुपारपर्यंत तेवीस जण झाले. तेविसांपैकी एकोणिसांनी पाणी केव्हाच सोडलं होतं, आणि तरी रोज सकाळी ते "सोबत" लिहीत होते. त्यात रुपरावही होते. त्यांची ओळ वाचताना देवकी हसली नाही.

शेवटी मधुकररावांनी लिहिलं, "मी माझ्या काळ्या जमिनीचं लिहीत होतो. तुमची कशी आहे, एकानं तरी सांगायचं होतं गा." मला वाटतं, हजेरी घेणारा तो माणूसही एवढ्या सगळ्या 'सोबत'मध्ये एकटाच होता.

बाबारावांनी त्याच दुपारी मोटर चालू केली.

पंधरा दिवसांनी ते नागपूरला आले आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. वरच्या पट्टीत एकशे वीस झाडं. त्यातल्या त्रेचाळीस झाडांचे शेंडे गेले, त्यांना यंदा फळ नाही. अकरा पूर्ण वाळली. ती त्यांच्या वडिलांनी लावलेली होती. देवकीने आकडे टाइप केले, कारण आकडे लिहून ठेवायची तिची सवय आहे.

"मी कोणासंग उभा होतो वं?" बाबाराव म्हणाले. "सारे तं केव्हाचेच घरी गेले होते."

देवकी म्हणाली, "मी पण चार दिवस उशिरा लिहिलं, दादा. चौतिसाव्या दिवशीच लिहायचं होतं."

बाबारावांनी उठून स्वतःच चहा ठेवला. दोन कप ठेवला.

त्यानंतर देवकी मंडळावर लिहिते. हजेरी आता होत नाही. प्रत्येक जण आधी आपल्या जमिनीची खोली लिहितो, मग दिवस. पण ती हे सगळं आता लॅपटॉपवर लिहिते. एंटर चालत नाही त्या कीबोर्डचं करायचं काय? मी कपाटावर आहे. माझ्यावर धूळ आहे, काही अक्षरांचे स्टिकर निघाले आहेत. खाली ती मोठ्याने वाचते ते मला अजून ऐकू येतं. कधीतरी ओलं फडकं फिरवलं, तर मला बरं वाटेल. तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणी पडलं असेल, तर तेवढं करा.

आणि मित्रांनो, आणखी एक मागणं आहे. तुम्हीही उद्या अशा मंडळांत लिहाल. सगळ्यांच्या विरुद्ध पहिलं वाक्य लिहा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते किती जड असतं हे मी तिच्या बोटांत अनुभवलं आहे. पण दुसऱ्या कोणी ते लिहिलं असेल, आणि तुम्हाला मनातून पटलं असेल, तर त्याच्या कानात येऊन सांगू नका. त्याच्या ओळीखाली, सगळ्यांना दिसेल असं, आपल्या नावाने लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा, आणि का पटलं नाही ते लिहा. फक्त त्याला तिथे एकटं ठेवू नका.

कोणतं झाड नेमकं कोणत्या दिवशी गेलं, हे सांगता येणार नाही असं देवकी म्हणते. ती बरोबरच म्हणत असेल. मला एवढंच ठाऊक आहे, की नत्थूच्या ओळी टाइप करायला एक मिनिट पुरतं, आणि आम्ही त्यांची दोन दिवस वाट पाहिली.