एकाच वाचकाची खोली

इदालीनाने टेबलावर कापडी उशी ठेवली, तिच्यावर तपकिरी कातडी बांधणीचा ग्रंथ अलगद टेकवला आणि प्रोफेसर वालादारेश यांच्या उजव्या हाताला शिसपेन सरकवली. तिची बोटं त्यांच्या मनगटाला लागली.

"बर्फ झालेत हात तुमचे, दोना इदालीना."

"खाली तळघरात शेगडी लावत नाहीत. पुस्तकांना सोसत नाही."

"आणि तुम्हाला?"

"माझं नाव त्यांच्या सूचीत नाही."

प्रोफेसर नाकातल्या नाकात हसले. ती परत आपल्या जागेवर गेली. तिची खुर्ची एका पायरीएवढी उंच होती; तिथून खोलीतली सगळी टेबलं दिसत. एकावर प्रोफेसर. बाकीच्यांवर पॉलिश.

त्यांनी ग्रंथ उघडला आणि इदालीनाला हिरवा रंग दिसला.

प्रोफेसरांनी मागितलेल्या प्रवचनांच्या ग्रंथात हिरवं काही नसतं. तिथे नुसती काळी शाई, पानामागून पान. हा त्याच मठातून आलेला, औषधी झाडांचा ग्रंथ होता. शेजारचा. सगळ्यांची कातडी एकसारखी, पाठीवरचे आकडे झिजलेले. अशी चूक तिच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाकडून कधी ना कधी झाली होती. जायचं, माफ करा म्हणायचं, बदलून आणायचं. ती उठली, टेबलापर्यंत गेली, आणि

प्रोफेसर लिहीत होते.

एक ओळ. दुसरी त्याच ओळीवर. तिसरी त्या दोघींच्या अंगावर चढलेली. कागदाच्या मधोमध काळं गिचमीड साचलं होतं. भोवतीचा कागद कोरा.

"काय हो?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"काही नाही. ऊन येतंय का तोंडावर, ते बघायला आले."

"थोडं येतंय. असू दे, बरं वाटतं."

खिडकीबाहेर सकाळपासून धुकं होतं. घंटेचा मनोराही दिसत नव्हता.

ती परत पायरी चढून बसली.

आजच. नेमकं आजच. लिस्बनहून आदेश आला होता: ज्या हस्तलिखितांचे फोटो काढून झालेत, ती वाचकांना द्यायची नाहीत. अस्सल प्रतच का हवी, हे वाचकाने पटवून दिलं तर गोष्ट वेगळी. मुख्य ग्रंथपाल तेल्मु जेवणानंतर वर येऊन प्रोफेसरांचं कारण ऐकणार होता. पटलं नाही, तर खोलीला कुलूप. इदालीनाने मग खाली जायचं, सोनेरी दालन बघायला आलेल्या प्रवाशांना काचेआडून तिकिटं द्यायची. प्रोफेसरांनी घरी, बेकरीच्या वरच्या त्या दोन खोल्यांत, संगणकाच्या पडद्यासमोर बसायचं. बायको गेल्यापासून ते घरी फक्त झोपायला जात. पडद्यावर त्यांना काय दिसेल, हे आता तिला कळलं होतं.

ते पाव-चीज खायला पायऱ्यांवर गेले की ग्रंथ बदलायचा, असं तिने ठरवलं. तेल्मु जेवणाआधीच आला.

"वा! खोलीत अजून जीव आहे म्हणायचा!"

"आहे, तेल्मु. शेगडी लावलीस तर टिकेलही. माझ्या वर्गात मागच्या बाकावर झोपायचास, तेव्हा तुला उबेची किंमत कळत होती."

"मागच्या नाही, तिसऱ्या."

"घोरणं मागून यायचं."

तेल्मु मनापासून हसला. मग खिशातून पेन काढून टेबलाशी आला. "सांगा प्रोफेसर. फोटो हवा तेवढा मोठा करता येतो, तुमच्या वयाला तर तेच बरं. हे अस्सल कशाला? एक कारण द्या, मी लिस्बनला कळवतो."

"कारण इथे आहे." प्रोफेसरांनी पानावर बोट ठेवलं. आवाज एकदम वर्गातला झाला. "प्रवचन देणाऱ्याने इथला शब्द खरवडून काढलाय. देवाच्या दयेबद्दलचा. फोटोत नुसता डाग येतो. पान उजेडात तिरकं धरलं, की पात्याचे ओरखडे दिसतात. हात कापत होता त्याचा. घाबरला होता माणूस."

बोट चित्रातल्या खसखशीच्या एका बोंडावर होतं.

तेल्मु चष्मा चढवून वाकू लागला.

"दोतोर तेल्मु, पेन!"

इदालीना पायरी कधी उतरली, हे तिलाही समजलं नाही. ती दोघांच्या मध्ये उभी होती, पाठ ग्रंथाकडे, आणि कुजबुजतच, दातांतल्या दातांत बोलत होती. "आधी ते खिशात टाका."

"अहो, टोपण आहे त्याला."

"टोपण निघतं. मागे व्हा. अजून. इथे शाई चालत नाही, दारावर तुमच्याच सहीची पाटी आहे."

तेल्मुने पकडलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर केले. "ऐकलंत, प्रोफेसर? साहेबालाच हाकलतात."

"मला तर रोज धाकात ठेवतात," प्रोफेसर म्हणाले.

"बरं बाबा. ओरखड्यांचं कारण लिहून कळवतो. जूनपर्यंत तरी चालेल." दाराशी वळून त्याने एकदा प्रोफेसरांकडे बघितलं आणि तो गेला. जिन्यावरचे त्याचे बूट बराच वेळ ऐकू येत राहिले.

मग प्रोफेसरांनी विचारलं, "खरंच होतं पेन त्याच्या हातात?"

"होतं."

"आणि माझ्या बोटाखाली?"

ती ग्रंथाकडे वळली. त्यांनी बोट उचललं नाही.

"बोंड आहे. खसखशीचं. मी शेजारचा ग्रंथ आणला. चूक माझी."

"सकाळपासून हाच?"

"सकाळपासून."

"म्हणजे ते ऊन..."

"आज धुकं आहे, प्रोफेसर."

त्यांनी मान हलवली. गिचमीड झालेला कागद चाचपून घडी केला, कोटाच्या खिशात घातला. मग शिसपेन शोधू लागले. ती टेबलाच्या कडेला गेली होती. इदालीनाने ती पुढे केली नाही. शिसपेन त्यांच्या हाताला लागेपर्यंत ती थांबली.

"जूनपर्यंत," ते म्हणाले. "जूनपर्यंत मी इथे येऊन करायचं काय?"

ते कोटाची बटणं लावू लागले. वरचं लागलं. दुसरं लागलं.

तिने पलीकडच्या टेबलाची खुर्ची ओढली. देखरेख करणाऱ्याने वाचकाच्या टेबलाशी बसायचं नसतं, ती बसली. "मठवाले खसखशीबद्दल काय म्हणतात, बघू या," ती म्हणाली, आणि पानावर वाकून, या खोलीत इतकी वर्षं सगळं बोलत आली तसंच, कुजबुजत वाचू लागली.

"पुटपुटू नका. कान तरी धड आहेत असं समजू नका माझे. मोठ्याने वाचा की. कोण आहे इथे?"

इदालीनाने मागे वळून पाहिलं. रिकामी टेबलं. पायरीवरची तिची खुर्ची, तीही रिकामी.

ती मोठ्याने वाचू लागली. पहिला शब्द अर्ध्यातच चिरकला. तिने घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली. या वेळी आवाज भिंतीपर्यंत गेला. जाडसर, खालच्या पट्टीतला.

बटणांवरचा हात थांबला. प्रोफेसरांनी चेहरा आवाजाकडे वळवला.

"मला वाटलं होतं, तुमचा आवाज बारीक असेल," ते म्हणाले.

तिलाही तसंच वाटत होतं.