शत्रुघ्नचं म्हणणं

आखाती देशातल्या मिरकाब वस्तीतल्या त्या खोलीत सिंधुदुर्गातले सहा जण राहत, आणि सहा जणांचं तोंड एकच होतं, सुरेशचं. त्याला इंग्रजी येई, कामापुरतं अरबीही. अकाम्याचा, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचा, कागद असो की दाढदुखी, काउंटरपलीकडच्या माणसाशी बोलायचं ते सुरेशने. ज्याचं दुखतंय त्याने नुसतं शेजारी उभं राहायचं. आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं आणि सुरेशला त्याचा थोडा तोराही होता. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांच्या प्रत्येक खोलीत असा एक सुरेश असतोच.

२००१च्या उन्हाळ्यात शत्रुघ्नने मेसचं जेवण सोडलं. हा राई नावाच्या भागातल्या फर्निचरच्या कारखान्यातला सुतार, सुरेशच्याच वाडीतला, हाताला विलक्षण सफाई. आठवडाभर तो दुकानातल्या बंद पिशवीतल्या खबूस रोटीवर राहिला. भिंतीकडे बघून पुटपुटू लागला. खोलीतले आधी हसले, मग घाबरले. शेवटी सुरेश त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. शत्रुघ्नने सावकाश, मनापासून सांगितलं, "भिंतीतसून दोघे जण बोलतत. जेवणात वीख आसा म्हणतत. माका खरा वाटता. पण कधी कधी वाटता, ह्या माझ्या डोक्यातलाच आसात. भय वाटता रे, सुरेश. डॉक्टराक सांग."

शत्रुघ्नच्या बहिणीचं, मालनचं, लग्न ठरलेलं. 'वेडा' हा शब्द एकदा कागदावर चढला की कंपनी विमानात बसवणार आणि वाडीभर बोभाटा होणार! सुरेश इंग्रजीत म्हणाला, "झोप येत नाही. घरची आठवण काढतो. जेवण मानवत नाही." डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गड्याची अब्रू वाचवली, याचं परतताना सुरेशला समाधानच वाटत होतं.

त्यानंतर अकराव्या दिवशी सगळे कामावर गेले ते शत्रुघ्नला आत ठेवून, खोलीला बाहेरून कुलूप घालून. तेही त्याच्या भल्यासाठीच! आवाजांपासून पळायला शत्रुघ्नने दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी टाकली. जीव वाचला, उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला.

हाडांच्या वॉर्डात सरोजिनी नावाच्या नर्स होत्या, मूळच्या कुडाळच्या. शत्रुघ्न त्यांच्याशी पुन्हा तेच बोलला. त्यांनी सुरेशला बाजूला घेतलं.

"पहिल्या डॉक्टरांना हे सांगितलं नव्हतं यांनी?"

"सांगितलं होतं. मीच... बहिणीचं लग्न आहे, ताई. नोकरी गेली असती."

"एकशे चार ताप असता, तर शंभर सांगितला असतात?"

सुरेशने वळून खाटेवरच्या शत्रुघ्नकडे पाहिलं.

"तुम्ही वाईट माणूस नाही," सरोजिनीताई म्हणाल्या. "पण आजार त्यांचा, बोलणंही त्यांचं. ते मदत मागत होते. मन बिघडलं म्हणजे माणसाला काही मतच उरत नाही, असं तुम्ही धरून चाललात. आता मनाच्या आजाराचे डॉक्टर येतील. तुम्ही बोला, पण त्यांचं बोला. आणि घरी काय कळवायचं, तेही त्यांनाच विचारा."

डॉक्टर आले. या वेळी सुरेशने भिंत, विष, भीती, सगळं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध आहे. हे आधीच कळलं असतं तर पाय वाचला असता. हे वाक्य गाळायचा मोह सुरेशला झाला, पण त्याने तेही शत्रुघ्नला सांगितलं.

सहा आठवड्यांत आवाज विरत गेले. पण लंगडा सुतार कंपनीला नको होता. शत्रुघ्न गावी परत निघायच्या दुपारी सुरेशने हात जोडले.

"त्या दिवशी मी डॉक्टराक तुझा सगळा सांगूक नाय."

"माका ठावक आसा," शत्रुघ्न म्हणाला. "मी किती बोललंय, आणि तू दोन-तीनच वाक्यां सांगलंस. तेव्हाच वाटला, सुरेशाकपण माझा खरा वाटणा नाय. मगे मी कोणाक काय सांगूक नाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुरेशला सोसवला असता.

वाचकहो, मनाने आजारी असलेल्या माणसाचं म्हणणं जसंच्या तसं डॉक्टरांपर्यंत पोचणं हा त्याचा हक्क आहे. त्यात काटछाट करायचा अधिकार कुणालाही नाही, जीव लावणाऱ्यालाही नाही. सुरेशला हे कळलं. पण ते कळायला शत्रुघ्नचा पाय जावा लागला.