राहता पत्ता

वहिनींना संशय यायला फारसं कारण लागत नसे. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात त्या चादरींना इस्त्री करायच्या. तिथे वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. कुणी जरा जास्त गोड बोललं की वहिनी इस्त्री उभी करून विचारायच्या, "काम काय आहे ते आधी सांग." त्यामुळे विद्यापीठातून एका बाईचा फोन आला आणि "तुमच्या मुलीच्या शाळेविषयी थोडं बोलायचं होतं, घरी येऊ का?" असं तिने विचारलं, तेव्हा वहिनींना संशय आलाच.

या खेपेला संशयाला कारणही होतं. भरपूर फी घेणाऱ्या शाळांनी थोड्या जागा गरिबाघरच्या मुलांसाठी सोडत काढून भरायच्या, असा सरकारचा नियम होता. मूल मात्र शाळेच्या जवळपास राहणारं हवं. वहिनींच्या चिमीचं नाव सोडतीत निघालं होतं खरं, पण कागदावरचा पत्ता होता तिच्या आत्याचा. वहिनी, रंगकाम करणारे त्यांचे यजमान आणि चिमी राहायचे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"अहो, ही बाई शाळेनेच पाठवलेली असणार," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, विद्यापीठाची आहे म्हणते ना?"

"म्हणायला काय जातंय?"

शेवटी नणंदेनेच तोड काढली. "वहिनी, तिला माझ्याकडेच बोलवा. तेवढ्यापुरत्या तुम्ही घरमालकीण आणि मी पाहुणी."

बाई आली. तरुण, पाठीवर पिशवी, पायात धुळीने माखलेले बूट. सोडतीतून आलेल्या मुलांचं पुढे काय होतं याचा अभ्यास चाललाय, तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही, अगदी शाळेलाही नाही, असं तिने बसल्याबसल्या सांगितलं. वहिनी मनात म्हणाल्या, कुणी न विचारता ही एवढी ग्वाही का देतेय?

त्या चहा करायला उठल्या आणि कपांसाठी एकामागून एक कपाटं उघडत सुटल्या. एकात डाळी, एकात औषधं. बाहेर पाहुणी होऊन बसलेली नणंद डोळ्यांनी खुणा करून करून दमली.

"नुकतंच सगळं हलवलंय," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात चिमी आतून ओरडली, "आत्या, तुझ्या बाथरूमचा दिवा कुठून लागतो?"

नणंदेला जोराचा खोकला आला. बाईने मान वर केली नाही. लिहीत राहिली.

मग तिने चिमीला जवळ बसवलं. "मधल्या सुट्टीत कुणाशी खेळतेस?"

"आमच्या वर्गाशी. त्यांची सुट्टी संपली की आमची होते."

"त्यांची म्हणजे कुणाची गं?" हे वहिनींनी विचारलं.

"फीवाल्यांची. ते पुढच्या दाराने येतात. आमचं दार मागे आहे, कचऱ्याच्या डब्यांपाशी. वर्ग पण मागेच."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. "आणि हे तू मला कधी बोलली नाहीस?"

"तू कुठे विचारलंस? तू रोज एवढंच विचारतेस, पत्ता कुणी विचारला का?"

वहिनींनी बाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. इतकी विलक्षण गोष्ट ऐकून ज्याला नवल वाटत नाही, त्याने ती आधी ऐकलेली असते.

बाई निघाली तशा वहिनी तिच्या मागोमाग जिन्यात गेल्या. "तुम्हाला माहीत होतं."

"मला सांगता येणार नाही."

"म्हणजे होतं! लेकरांना मागच्या दाराने घेतात आणि तुम्ही नुसतं लिहून घेता?"

बाई कठड्याला धरून उभी राहिली. "मी प्रत्येक घराला शब्द दिलाय, शाळेलाही दिलाय. इकडचं तिकडे करायला लागले तर उद्या मला कुणी दारात उभं करणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे तुमचं घर नाही, हेही मी कुणाला सांगणार नाही."

वहिनींना आता कळलं: ज्या पडद्याआड त्या लपल्या होत्या, त्याच पडद्याआड शाळाही लपली होती.

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून त्या शाळेत गेल्या. मागचं दार पाहिलं, बिनखिडकीचा वर्ग पाहिला आणि तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरल्या.

"या मुलांना जास्त लक्ष द्यावं लागतं हो. म्हणून वेगळा वर्ग, त्यांच्याच भल्यासाठी," मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या. "बरं, राहायला अजून तिथेच ना तुम्ही?"

 सांगितलं! त्या विद्यापीठवाल्या पोरीने सांगितलंच! त्या तशाच बाहेर आल्या आणि मागच्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथे मुलाला न्यायला आलेली एक भाजीवाली होती. वहिनींचा चेहरा पाहून ती म्हणाली, "पत्ता विचारला ना? मी पंख्याची तक्रार केली तेव्हा मलाही विचारला होता. तोंड उघडलं की सगळ्यांनाच विचारतात."

"आणि तुमचा पत्ता?"

भाजीवाली आजूबाजूला बघून म्हणाली, "माझ्या मावससासूचा."

वहिनींना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता रागही आला. त्या रात्री नवऱ्याशी भांडून, नणंदेच्या हातापाया पडून त्यांनी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. आत्याच्या मागच्या खोलीत तिघं दाटीवाटीने राहू लागली. नवऱ्याची कामं लांब पडली, त्यांचं आणि नणंदेच्या यजमानांचं पंख्यावरून रोज वाजू लागलं. पण पत्ता खरा झाला. मग वहिनी भाजीवालीला आणि वर्गातल्या आणखी काही मुलांच्या आयांना घेऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी ताटकळत ठेवलं, उद्या या म्हणाले, दुसऱ्या दिवशी परवा म्हणाले. आया येत राहिल्या. शेवटी तपासणी झाली आणि मुलं एका वर्गात बसू लागली. त्याच तपासणीत खोटे पत्तेही उघडे पडले. भाजीवालीच्या मुलाची जागा गेली. त्यानंतर बाजारात ती दिसली की वहिनी आपण होऊन समोर जायच्या. ती बोलायची, पण पहिल्यासारखी नाही.

वर्षभराने विद्यापीठातली बाई पुन्हा आली. वहिनींनी दार उघडलं, पण उंबऱ्यातच अडवून विचारलं, "तेव्हा शाळेला तुम्ही काही बोलला नव्हतात ना?"

"नाही."

वहिनींनी तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. खरं वाटलं, पण पूर्ण नाही. तरी आत घेतलं.

बाईने चिमीला विचारलं, "आता कसं चाललंय?"

"छान. सगळे एकत्र बसतो. फक्त मॅडम हजेरी घेताना आम्हाला सोडतवाले म्हणतात आणि आमची नावं शेवटी घेतात."

वहिनींनी ओला हात पदराला पुसला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?" बाई गोंधळली.

"शाळेत. तुम्ही लिहा निवांत. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."