सोमवारचा वरणभात

तनुजानं सासूच्या, द्वारकाबाईंच्या, उशीचा अभ्रा झटकला, तर फरशीवर भगरीचे दाणे सांडले. काल सोमवारी शिजवलेली भगर, जशीच्या तशी. तनुजा वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेली. डोळे मिटायला आलेले, आणि वर हे निस्तरा.

द्वारकाबाईंच्या उपासांचा गारखेड्यात बोलबाला होता. आधी नुसती एकादशी होती. दोन वर्षांत सोमवार आले, गुरुवार आले, शनिवारही आले. आईसारखं देवाचं माणूस नाही, असं तनुजाचा नवरा गोकुळ येईल त्या पाहुण्याला सांगायचा. आणि सासू उपाशी असताना सुनेनं भाकरी मोडायची नाही, ही गावाकडची, चितेगावच्या घराची रीत शहरातल्या फ्लॅटमध्येही सोबत आलेली. त्यामुळं मशीनपुढं उभ्या तनुजाच्या पोटात कावळे ओरडायचे. देवाचं काम म्हणून ती कधी बोलली नाही.

"आत्या, हे काय?"

द्वारकाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. "गिळलेलं वर येतं, बाई. खाली जातच नाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याचा फोटो काढून दाखवला. गळ्यात, अन्ननलिकेच्या तोंडाशी मागं एक पिशवी झाली होती. घास पोटात जायच्या आधी तिथंच साचायचा आणि आडवं झालं की उलट यायचा. तोंडातूनच दुर्बीण घालून पिशवी आणि अन्ननलिकेच्या मधली भिंत कापायची, बाहेर टाकासुद्धा नाही, असं ते म्हणाले. उपासानं झालं का, असं गोकुळनं विचारलं. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. द्वारकाबाई आपल्या पदराचा काठ बघत बसल्या.

ऑपरेशन नीट झालं. आधी नुसतं पातळ चाललं, मग डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलं. त्यात सोमवार आला. तनुजानं पाळीवरून येऊन मऊसर भगर शिजवली आणि पुढं ठेवली. द्वारकाबाईंनी ताटली बाजूला सारली.

"वरणभात दे. गुरगुट्या."

"आज सोमवार हाय, आत्या."

"ठावं हाय."

तनुजानं वरणभात करून वाढला. त्यांनी घास घेतला. गळ्यावर हात ठेवून थांबल्या. घास गेला. दुसरा घेतला, तोही गेला.

"चारचौघांत ठसका लागायचा. खाल्लेलं तोंडात यायचं," त्या ताटाकडं बघतच बोलल्या. "उपास म्हनलं की कुनी आग्रह करीत नाय."

तनुजाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिला राग आला, लई राग आला. कंपनीत उपाशीपोटी आलेली चक्कर आठवली, डब्याविना गेलेली जेवणाची सुट्टी आठवली. म्हातारीची मनगटं काटकुळी झाली होती, तीही तिला दिसत होती. तरी राग काही उतरेना.

द्वारकाबाई भिंतीला धरून उठल्या. मांडणीवरचं दुसरं ताट काढलं, त्यात भात वाढला, वर वरण घातलं, तुपाची धार सोडली. तनुजा लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी वाढलं नव्हतं.

"बस. तू बी जेव."

तनुजा बसली. पहिला घास तिच्याच गळ्याशी अडला. सासूनं पाण्याचा तांब्या पुढं केला.